नातवंडाबरोबर कावळ्यांच्या मागावर जाताना या चुका टाळा

सुट्टीत सोलापूरला आलेल्या नातवंडाला कावळ्यांची ‘शिकार’ करायची हुक्की येते, तेव्हा पहिली चूक बहुधा आजोबांचीच होते, ती म्हणजे त्याच्या हातात बेचकी देणे. कावळा मारला तरी चालतो, ही समजूत जुनी झाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पाचव्या अनुसूचीत कावळ्याची गणना उपद्रवी प्राण्यांत होती खरी, पण 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. शिकार डोळ्यांनी करावी. सोबत वही आणि मोबाइल पुरेसा होतो.

दुपारी निघू नये. एप्रिल-मेमध्ये येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि कावळाही चोच उघडी टाकून सावलीला बसतो. सिद्धेश्वर तलाव किंवा धर्मवीर संभाजी तलाव (जुन्या सोलापूरकरांचा कंबर तलाव) सकाळी लवकर गाठावा.

‘आजोबा, कावळा बसतच नाही!’ या तक्रारीचे मूळ अनेकदा आपल्या वाकण्यात असते. माणूस वाकला की दगड उचलणार, हे शहरी कावळ्याला पक्के ठाऊक असल्यामुळे मूल नुसता चपलेचा पट्टा नीट करू लागले तरी तो उडतो. उभे राहावे, बोट रोखू नये आणि थेट टक लावण्याऐवजी तिरप्या नजरेने पाहावे. भाकरी टाकायची तर कोरी टाकावी, शेंगाचटणी लावलेली नको.

सर्वांत जास्त गोंधळ ओळखीत होतो. मान राखाडी असेल तो गावकावळा. सर्वांगाने काळा, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. लाल डोळ्यांचा, फिकट हिरवट चोचीचा काळा पक्षी दिसला तर तो कोकीळ नर समजावा. शेपटी दुभंगलेली असेल तर कोतवाल. उन्हाळा संपता संपता कावळीण एखाद्या ठिपकेदार पिल्लाला भरवताना दिसली, तर वहीत ‘कावळ्याचे पिल्लू’ असे घाईने लिहू नये, कारण कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि ते पिल्लू बहुधा तिचेच असते. हे दृश्य दिसले तर बाकीची यादी त्या दिवशी सोडून द्यावी.

याच दिवसांत घरट्याच्या झाडाखाली रेंगाळल्यास डोक्यावर टोच बसते. टोपी घालावी आणि लांब सरकावे. खाली पडलेले, पिसे आलेले पिल्लू घरी आणण्याऐवजी जवळच्या फांदीवर ठेवावे, आईबाप त्याला तेथेच भरवतात. मेलेल्या कावळ्याला मात्र मुलाला मुळीच हात लावू देऊ नये आणि अनेक कावळे मेलेले आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, कारण बर्ड फ्लूने कावळेही मरतात.

फोटोत कावळा म्हणजे नुसता काळा डाग येत असेल, तर दोष मोबाइलचा नसून मागच्या पांढऱ्या आकाशाचा आहे. ऊन आपल्या पाठीशी आणि कावळ्यामागे झाड किंवा भिंत येईल असे उभे राहावे, पडद्यावर कावळ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवावा. मग मानेचा राखाडी रंगही स्पष्ट येतो.