म्हाळाला तर्पण घरच्या घरी कसं करायचं

भटजी मिळाले नाहीत म्हणून तर्पण सोडू नका, भाद्रपदातल्या पंधरवड्यात बेळगाव-खानापूरकडं एका दिवसात दहा घरं असतात त्यांना, वेळ कुठनं मिळणार. खानापूरला मलप्रभेच्या घाटावर जाता आलं तर चांगलंच, नाहीतर घरात ताम्हण घेऊन बसा.

तांब्याभर पाणी, काळे तीळ, दर्भ, पळी, एवढं बास. वडील हयात असतील तर पितरांचं तर्पण करू नका, हे आधी बघा.

देवांना पूर्वेकडं तोंड करून बोटांच्या टोकावरनं पाणी सोडायचं. पितरांना मात्र दक्षिणेकडं तोंड, जानवं असेल तर उजव्या खांद्यावर, आणि पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधनं सोडायचं. खरं काम इथंच आहे, घाई केली की पाणी बोटांवरनंच जातं. उजवा तळवा अंगठ्याच्या बाजूला जरा कलता करा, तीळ तळव्यावर ठेवा, डाव्या हातानं पळीनं पाणी घाला, मग तीळ पाण्याबरोबर सावकाश ताम्हणात उतरतात.

आधी वडील, मग आजोबा, मग पणजोबा, नाव आणि गोत्र घेऊन प्रत्येकाला तीन-तीन वेळा 'स्वधा नमस्तर्पयामि' म्हणायचं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. आई, आजी गेल्या असतील तर त्यांचंही नाव घ्या, गडबडीत बायकांची नावं राहतात ते मला अजिबात पटत नाही.

ताम्हणातलं पाणी झाडाच्या बुंध्यात घाला, तुळशीत नको. नदीवर गेला तर प्लास्टिकची पिशवी परत आणा प्लीज.