छोटा सर्व्हर जुळवताना प्रोसेसर शेवटी निवडा

पहिल्यांदा सर्व्हर जुळवणारा माणूस आधी प्रोसेसरबद्दल विचारतो. किती कोअरचा घेऊ? घरांसाठी आणि लहान ऑफिसांसाठी असे सर्व्हर मी बरेच जुळवले आहेत, आणि माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: डिस्क किती लावणार? फायली साठवणं, बॅकअप, दोन-चार कंटेनर (एकमेकांपासून वेगळे चालणारे प्रोग्रॅम) एवढ्या कामाला आजचा साधा प्रोसेसरसुद्धा बहुतेक वेळ रिकामाच असतो. अडतं ते मदरबोर्डापाशी.

म्हणून विकत घेण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उतरवून वाचा. जाहिरातीत डिस्क जोडायचे सहा साटा पोर्ट आणि पट्टीसारख्या एसएसडीचे दोन एम.२ स्लॉट दिसतात. पण काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२मध्ये एसएसडी बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि ते कुठेतरी तळटीपेत लिहिलेलं असतं. कार्ड बसवायच्या, लांबीला एक्स१६ (सोळा लेनचा) असलेल्या स्लॉटला आतून चारच पीसीआयई लेन, म्हणजे डेटा वाहायचे मार्ग, असू शकतात. इंटेलचा एन१०० प्रोसेसर सध्या सगळ्यांचा लाडका आहे, टीडीपी (किती वॅट उष्णता धरायची तो आकडा) फक्त ६ वॅट. पण त्याच्याकडे पीसीआयई ३.० च्या ९ लेनच आहेत, नेटवर्क, एम.२ आणि जादा साटा चिप हे सगळं त्यातच भागवायचं. दोन डिस्कना तो मस्त, आठ डिस्कसाठी मी घेणार नाही.

रॅमच्या बाबतीत ईसीसीचा, म्हणजे डेटातली चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या रॅमचा, वाद संपत नाही. घरचे फोटो असतील तर मी आग्रह धरत नाही, कोणाचे हिशेब असतील तर धरतो. नव्या पिढीची डीडीआर५ रॅम आली म्हणजे ईसीसी मिळालीच, असं मात्र समजू नका. तिच्यातली दुरुस्ती चिपच्या आतल्या आत होते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर तिचं संरक्षण नसतं. खरी ईसीसी हवी तर इंटेलच्या बाराव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरला बोर्डावर डब्ल्यू६८० सारखा चिपसेट लागतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ते बोर्डावर अवलंबून असतं.

डिस्क घेताना सीएमआरच घ्या, म्हणजे जिच्यात ट्रॅक एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी असतात ती. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. एरवी कळत नाही. रेडमधली (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कमधली) एक डिस्क गेली आणि नवी भरायला लागली, की मग ती रेंगाळते, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला घाई असते.

नेटवर्कचं थोडक्यात: गिगाबिटवर सेकंदाला सुमारे ११० एमबी मिळतात, आजची एक मोठी डिस्कही याहून वेगवान असते. २.५ गिगाबिट असलेला बोर्ड मिळाला तर बरं.

पॉवर सप्लाय लोक फार मोठा घेतात. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर २० ते २५ वॅट मागते, नंतर ५-६ वर येते. चार डिस्कचा सर्व्हर निवांत असताना ३०-४० वॅटवर चालतो, म्हणजे ६५० वॅटच्या सप्लायवर जेमतेम पाच-सहा टक्के भार. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या शिक्क्याच्या ब्रॉन्झ-गोल्ड चाचण्या २० टक्के भारापासून सुरू होतात. इतक्या खाली तो शिक्का काहीच सांगत नाही. आणि चोवीस तास चालणारा एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो, तेव्हा कमी भारावरचे आकडे शोधाच. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) सप्लाय असेल तर दुसऱ्या सप्लायच्या केबल त्याला कधीही लावू नका. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रमाणित नसते. टोक नीट बसतं, आणि भलत्या पिनवर १२ व्होल्ट जाऊन सगळ्या डिस्क एकदम जळू शकतात.

जोडणी झाली की डेटा लगेच चढवू नका. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम, मग प्रत्येक डिस्कवर स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या तपासणी-यंत्रणेची) लांब चाचणी. १६ टीबीच्या डिस्कला साधारण एक दिवस जातो. नंतर स्मार्टच्या ५ आणि १९७ या क्रमांकांच्या नोंदी बघा: बदललेले सेक्टर आणि संशयित सेक्टर. नव्या डिस्कवर यातली एक जरी शून्याच्या वर असली तर ती परत पाठवायची, त्यामुळे ही चाचणी परतीची मुदत संपायच्या आत उरका.