आयटीआय निदेशक व्हायचंय? वाचन-लेखनाची तयारी अशी करा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत वर्षानुवर्षं लेथ मशीनवर उभी असलेली पोरं निदेशकाच्या, म्हणजे आयटीआयत शिकवणाऱ्याच्या, परीक्षेला बसतात, ट्रेडचं (आपल्या कामाचं) सगळं तोंडपाठ असतं आणि मार्क जातात ते भाषेत. माझे पहिल्या वेळी तिथंच गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

भरतीच्या सामाईक पेपरात मराठी-इंग्रजी असतंच, आणि सीआयटीएस या निदेशकांच्या वर्षभराच्या प्रशिक्षण कोर्सला पाठ टाचण, म्हणजे धडा कसा शिकवणार याची लेखी आखणी, लिहावी लागते. म्हणजे वाचायचं वेगळं, लिहायचं वेगळं.

आधी उतारा. रोज सकाळी पेपरातली एक बातमी घ्या, वाचून बाजूला ठेवा आणि दोन ओळींत सांगा काय होतं ते. मग प्रश्न. प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा, कारण 'अयोग्य', 'नाही' हे शब्द तिथंच बसलेले असतात. समजा उताऱ्यात दिलंय की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट आणि आज पाणी 43 फुटांवर आहे, आणि विचारलंय अयोग्य विधान कोणतं. 'इशारा पातळी ओलांडली' हे खरं आहे म्हणून आपण पटकन टिक करतो आणि मार्क गेला, उत्तर होतं 'धोका पातळी ओलांडली'. अजून एक, आपण 2019 चा पूर बघितलाय, पाणी कुठं कुठं शिरतं हे आपल्याला पाठ आहे, पण उताऱ्यात नसलेलं उत्तरात आणायचं नाही म्हणजे नाही.

व्याकरणाला फार घाबरू नका. एकाक्षरी शब्द दीर्घ लिहायचे, मी, ती, की. 'नि' तेवढा ऱ्हस्व, आणि 'आणि' मधला णिसुद्धा. अनेकवचनातला अनुस्वार विसरू नका, 'मुलानी' नाही, 'मुलांनी'.

आता टाचण, इथं खरा वेळ द्या. तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी या चार पायऱ्या असतात पण गाडी अडते उद्दिष्टात. आपण लिहितो 'मुलांना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) समजेल'. समजलं हे तपासणार कसं? त्याऐवजी लिहा, 'प्रशिक्षणार्थी व्हर्नियर कॅलिपरने 0.02 मिमीपर्यंत माप वाचू शकेल'. हे वाक्य जमलं की चाचणीचा प्रश्न आपोआप सुचतो, हातात जॉब (मापायचा भाग) द्यायचा आणि माप विचारायचं. वाक्यं छोटी ठेवा आणि कामाच्या क्रमानंच लिहा, आधी कॅलिपरचे जबडे पुसणं, मग शून्य जुळतोय का बघणं, मग माप.

असं टाचण रोज एक, हातानं, घड्याळ लावून लिहा, मोबाईलवर टाईप करून हात बसत नाही. लिहून झालं की घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्यानं व्हर्नियर कधी धरला नाही. माझी बहीण वाचायची, ती जिथं अडायची ते वाक्य मी त्याच रात्री परत लिहायचो.