खडकाखाली आवाज पोचत नाही? गुहेतल्या रेडिओच्या या चुका टाळा

संच चांगला, बॅटरी भरलेली, वर आणि खाली माणसं तयार, आणि कानात नुसती खरखर. गुहेत रेडिओ लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. अशा वेळी बरेच जण संच उघडून बसतात. माझं सांगणं आहे की स्क्रू-ड्रायव्हर आधी बाजूला ठेवा. दोष बहुधा अँटेनाच्या तारेत, तिच्या दिशेत किंवा जमिनीत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोर वाढवत बसणं. वॉकीटॉकीच्या लहरी ओल्या खडकात काही मीटरांत विरतात, मग वॅट कितीही वाढवा. म्हणून ब्रिटनमधल्या गुहा-बचाव पथकांनी 87 किलोहर्ट्झ ही फार खालची फ्रिक्वेन्सी धरली. जॉन हे (Hey) यांनी तयार केलेला ‘हेफोन’ हा गुहेतला रेडिओ तिच्यावरच चालतो. फ्रान्समधली ‘निकोला’ ही रेडिओ यंत्रणाही याच फ्रिक्वेन्सीवरची. 1996 साली गूफ्र बर्जे गुहेत पुरात गेलेल्या निकोला डोलिमोरचं नाव तिला दिलं आहे. या फ्रिक्वेन्सीची लहर हवेत साधारण साडेतीन किलोमीटर लांब असते. त्यामुळे शंभर मीटर खडकापलीकडे पोचतं ते प्रामुख्याने वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र. अंतर दुप्पट झालं की हे क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं. तेवढाच आवाज हवा असेल तर 64 पट वॅट लागतील. एवढी बॅटरी पाठीवर घेऊन कोण उतरणार?

खडकाचं स्वतःचं शोषण वेगळं. कोरड्या, घट्ट चुनखडीचा विद्युतरोध 1000 ओहम-मीटर धरला, तर 87 किलोहर्ट्झला दर 54 मीटरमागे क्षेत्र 37 टक्क्यांवर उतरतं. फटींत ओली माती भरलेली असेल आणि रोध 100 वर आला, तर हेच अंतर 17 मीटर होतं. म्हणून उन्हाळ्यात चाललेली जागा पावसानंतर मुकी झाली, तर संचाला दोष देऊ नका.

आता लूपबद्दल, म्हणजे संचाला अँटेना म्हणून जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याबद्दल, जरा सविस्तर, कारण इथे भलेभले फसतात. खाली लूप जमिनीवर सपाट ठेवलं आहे, वरचंही सपाट आहे. वरचा माणूस बरोबर डोक्यावर उभा असेल तर आवाज खणखणीत येतो. तोच बाजूला सरकत गेला की क्षेत्र तिरकं होत जातं, आणि खोलीच्या 1.41 पट अंतरावर ते पूर्ण आडवं होतं. गुहा 100 मीटर खोल असेल तर 141 मीटरवर सपाट लूपमधून काहीच शिरत नाही. लोक म्हणतात, संच मेला. लूप हातात उभं धरा, सावकाश फिरवा, आवाज परत येतो. या गुणाचा उपयोगही आहे: खालचं लूप पाणसळ लावून सपाट ठेवलं, तर आवाज नाहीसा होण्याच्या जागा शोधत वरून खालच्या माणसाची नेमकी जागा आणि खोली काढता येते. मला हा या विद्येतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

लूपऐवजी अर्थिंगच्या सळया, म्हणजे तारेच्या दोन टोकांना जोडून जमिनीत करंट सोडणाऱ्या सळया, वापरत असाल तर चुका वेगळ्या. दोन सळया हाताच्या अंतरावर ठोकून उपयोग नाही, काही दहा मीटर तार पसरायला हवी. उरलेली तार रिळावरच ठेवली, तर ते रीळ कॉइलसारखं वागतं आणि करंट अडवतं. सगळी तार उलगडा. सळई कोरड्या दगडात खोचू नका, ओल्या चिखलात किंवा झऱ्यात घाला, जमलं तर मिठाचं पाणी ओता. खालची तार शक्यतो वरच्या तारेला समांतर ठेवा. आणि सांधे हाताने ओढून बघा, कारण चिखलाखाली सैल झालेली क्लिप दिसत नाही.

गोंगाट वरच्या बाजूला जास्त असतो: विजेच्या तारा, चार्जर, जनरेटर, दूर आभाळात कडाडणारी वीज. वरचा संच त्यांच्यापासून लांब हलवा, बॅटरीवरच चालवा. खाली खरखर वाढली तर डोक्यावरचा एलईडी दिवा क्षणभर बंद करून बघा, पुष्कळदा दोषी तोच निघतो. बोलणं कळतच नसेल तर अक्षरं पाठवा. जून 2014 मध्ये बव्हेरियातल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे हजार मीटर खोल जखमी अडकला होता, तेव्हा स्विस ‘केव्ह-लिंक’ यंत्रणेवरून लिखित निरोप ये-जा करत होते.

खाणीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. छतालगतच्या ‘लीकी फीडर’ केबलवर, म्हणजे वाटेत रेडिओ लहरी झिरपू देणाऱ्या केबलवर, बोगद्यात छान बोलता येतं, म्हणून ती खडकापार जाते असं समजू नका. स्फोटात किंवा छत कोसळून केबल तुटली की तिच्या पलीकडचा माणूस एकटा पडतो. 2 जानेवारी 2006 ला वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो खाणीत स्फोट होऊन 12 कामगार गेले. अडकलेल्यांनी छताच्या बोल्टांवर हातोडे मारले, पण वरून उत्तर आलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि अपघातानंतरही टिकेल अशी दुतर्फा बिनतारी सोय भूमिगत कोळसा खाणींना बंधनकारक झाली.

उतरण्यापूर्वी घड्याळं जुळवा आणि बोलण्याच्या वेळा ठरवा. खाली शांतता असल्याने तिथे वरचं ऐकू येतं, वर मात्र गोंगाटात खालचं बुडतं. म्हणून वरच्याने उत्तर आलं नाही तरी ठरल्या वेळी बोलत राहायचं, आणि खालच्याने नुसते टोन द्यायचे: एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.