परसदारी पाहुणे टिकत नाहीत? या चुका टाळा

पाहुणे येतात, मागच्या दारातून डोकावतात, "अय्या, काय छान केलंय हो!" म्हणतात, दोन फोटो काढतात आणि दहा मिनिटांत परत हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी मला फोन येतो. "काकू, एवढा खर्च केला, पण मागे कुणी बसतच नाही."

साताऱ्यात माझी छोटी रोपवाटिका आहे. लोक जास्वंदीचं रोप न्यायला येतात आणि जाता जाता "जरा घरी येऊन बघता का" म्हणतात. मी जाते, चहा पिते आणि घरोघरी त्याच त्या चुका बघून येते. सांगून सांगून घसा दुखला, म्हणून आता लिहून ठेवते.

फरशी "एकदम लेव्हलला"

कुणाच्याही परसात पाऊल टाकताना माझी नजर आधी फरशीवर जाते. झाडं नंतर. याला कारण आमचे भाऊजी.

धाकट्या दिरांनी रो-हाऊस घेतलं. मागे बारा बाय अठराची मोकळी जागा, नुसता मुरूम. मुलीचा साखरपुडा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरला आणि जेवणं मागेच घालायची असं भाऊजींनी जाहीर करून टाकलं. माणूस घाईचा. हॉलच्या उरलेल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स पडून होत्या, त्याच मे महिन्यात मागे लावून घेतल्या. मी म्हटलं, "भाऊजी, बाहेर इतकं गुळगुळीत नको. आणि ढाळ कुठे दिलाय?" मिस्त्रीनं अभिमानानं स्पिरिट लेव्हल ठेवून दाखवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध. "काळजीच नको ताई, एकदम लेव्हलला घेतलंय."

तेच तर दुखणं. घरातली फरशी लेव्हलला असते, बाहेरची उतरती लागते.

साखरपुड्याच्या आदल्या रात्री तासभर पाऊस कोसळला. सकाळी मागे तळं. त्यातही फरशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे केसभर खाली होती आणि पाण्याला तेवढं पुरतं. आचारी विटांवर शेगड्या चढवून पुऱ्या तळतोय, दोन पुतणे वायपर घेऊन पाणी ढकलताहेत आणि ते पुन्हा आत येतंय. अकरा वाजता नवऱ्यामुलाचे मामा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन मागे निघाले. पेढे एकीकडे, मामा दुसरीकडे. हाड मोडलं नाही एवढंच. आजही ते त्या घरी आले की मागे चला म्हटलं तर "इथंच बरंय" म्हणून खुर्ची सोडत नाहीत.

मी काय करते ते सांगते. दर दहा फुटांना दीड ते दोन इंच ढाळ, तो घरापासून लांब जाणारा, आणि शेवटी जाळीचा चेंबर. जाळी अशी की हातानं उचलता येईल, कारण पहिल्या पावसात तिच्यावर पाला बसणार आणि तो तुम्हालाच काढायचा आहे. फरशी खरखरीत हवी. पॉलिश न केलेली शहाबादी मला सगळ्यात आवडते. काळा कडप्पा देखणा दिसतो, पण एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. कोबा वाळला की फरशी बसवायच्या आधी एक बादली पाणी ओतायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं. फरशी बसल्यावर परत एकदा. दोन्ही वेळा मिस्त्री समोर हवा आणि त्याचे शेवटचे पैसे आपल्याकडे हवेत.

भाऊजींनी वर्षभरानं सगळं उखडून नव्यानं केलं. त्या चकचकीत टाइल्सचे तुकडे सध्या माझ्या रोपवाटिकेत कुंड्यांखाली आहेत.

न बसताच बैठक ठरवणं

खुर्च्या, झोपाळा, छत, काहीही विकत घेण्याआधी एक चटई आणि चहाचा कप घेऊन चार संध्याकाळी मागे बसा. पाचपासून सातपर्यंत. हे फुकट आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. फोनवर कुठल्या तरी परदेशी बंगल्याचा फोटो असतो आणि "काकू, पंधरा दिवसांत असं होईल ना?" एवढंच विचारायचं असतं.

बसल्यावर बऱ्याच गोष्टी कळतात. ऊन किती वाजेपर्यंत डोळ्यात येतं, वारा कुठून, शेजारच्या मोरीचा वास किती, वरच्या गॅलरीतून कोण बघतं. एक गोष्ट मात्र चार संध्याकाळींतही कळत नाही, ती सांगून ठेवते. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो आणि मे-जूनमध्ये वायव्येकडे. थंडीत हौसेनं बांबूचा पडदा लावलेल्या एका बाई मेमध्ये तक्रार घेऊन आल्या होत्या, ऊन पडद्याच्या शेजारून आत येतं म्हणून. पडदा जागेवरच होता, सूर्य हलला होता. म्हणून मी पक्कं छत सांगत नाही. दोन ठिकाणी कड्या ठोकून ठेवायच्या आणि कापड ऋतूप्रमाणे इकडून तिकडे बांधायचं.

शेवग्याखाली पंगत

ही माझी स्वतःची चूक. मी रोपवाटिकावाली, म्हणजे लाज दुप्पट.

आमच्या परसात कोपऱ्यात शेवगा होता. सावली झिरझिरीत, छान. श्रावणात भिशीच्या बायका माझ्याकडे होत्या. पाऊस उघडलेला होता, म्हटलं शेवग्याखालीच टेबल मांडू. केळीची पानं, अळूची भाजी, मसालेभात, सगळं साग्रसंगीत. खोडाकडे बघायला मात्र वेळ झाला नाही. बघितलं असतं तर खोडाच्या सालीवर केसाळ सुरवंटांचा थर दिसला असता. पावसाळ्यात शेवग्यावर ते येतातच. दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून गप्प बसलेले असतात आणि लांबून सालीचाच भाग वाटतात.

पहिला मसालेभातावर पडला. दुसरा एकीच्या मानेवर. पुढचं सांगत नाही. पान टाकून बारा बायका एकदम उठल्या की काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. जिच्या मानेवर पडला तिनं हातानं खसाखसा चोळलं आणि केस आणखी रुतले. चोळायचं नसतं. चिकटपट्टी अलगद लावून ओढायची, केस तिच्याबरोबर निघून येतात, मग साबणपाण्यानं धुवायचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शेवगा तोडा असं मी म्हणत नाही, शेंगा कोण सोडतो. पण बैठक त्याच्यापासून लांब. त्याची फांदीही ठिसूळ, वाऱ्यानं मोडून पडते. झोपाळा तर त्याला कधीच बांधू नका, असले दोन बांधलेले बघितलेत. तसंच जांभळाखाली, फळं पडायला लागली की फरशी आणि पांढरे कपडे दोन्ही गेले. आंब्याला मोहोर आला आणि तुडतुडे लागले की खालच्या खुर्च्या चिकट होतात, पाहुणा उठताना खुर्ची बरोबर येते. बसायला झाड हवंच असेल तर बकुळ लावा. सावली दाट, फुलं इवलीशी, पडून सुकली तरी वास राहतो. वाढते हळू. हे ऐकलं की निम्मी गिऱ्हाइकं "दुसरं काही लवकर वाढणारं?" विचारतात आणि मी त्यांना शेवगा दाखवते.

डास

"मच्छर पळवणारं रोप आहे का?" नाही. गवती चहा लावा, चहात घाला, डास त्याच्या पातीवर आरामात बसतात. पान चुरगळलं तर वास सुटतो, नुसती कुंडी ठेवून काही होत नाही. मी असलं रोप त्या नावानं विकत नाही. जो विकतो त्याच्याकडून घेऊन मग माझ्याकडे तक्रार करू नका.

डास तुमच्याच घरी जन्मतात. कुंडीखालची थाळी, जुना टायर, टाकीचं उघडं झाकण, बाटलीतला मनीप्लांट. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी साठलेली पाणी ओतून भांडी कोरडी करायची. आमच्याकडे शनिवार. ज्या शनिवारी कंटाळा केला, त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात घोट्यांवर मिळतं. आणि पाहुणे असतील तेव्हा एक स्टँडचा पंखा, पण डोक्यावर नको, गुडघ्याच्या उंचीला. डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही आणि टेबलाखाली तो पायालाच चावतो. वीस कुंड्यांच्या खर्चात जे होत नाही ते एका पंख्यानं होतं.

पंख्यावरून आठवलं. ओल्या गवतावर एक्स्टेंशन बोर्ड ठेवलेला दिसला की मी बसतच नाही. बाहेरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) आणि झाकणाचा बाहेरचा सॉकेट, हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. इथे जुगाड नको.

दिवे

गाडीतळावर लावतात तसला पांढरा फोकस परसात लावायचं कुणाच्या डोक्यात येतं देव जाणे. समोरच्याचा चेहरा चौकशीला बसवल्यासारखा दिसतो आणि गावातले किडे गोळा होतात. पिवळट उजेड घ्या, खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेलं असतं. जेवणाच्या टेबलावर थेट दिवा नको, नाहीतर किडे आमटीत. मी एक जरा मोठा दिवा मुद्दाम लांब कुंपणापाशी लावते, किडे तिकडे रमतात. पहिल्या पावसानंतर पंखांची वाळवी उठली तर मात्र सगळे दिवे अर्धा तास बंद. त्या वेळात गप्पा उलट चांगल्या रंगतात.

हिरवी शेडनेट

काढा. हिरव्या जाळीखाली माणसं काविळीच्या पलीकडची दिसतात आणि श्रीखंड बुरशी आल्यासारखं. ती रोपांसाठी असते, माझ्याकडे आहे, तिथेच शोभते. माणसांसाठी पांढरट किंवा मातकट रंगाचं कापड घ्या.

प्लास्टिकचं गवत: उन्हात तापतं, कुत्रा असेल तर वासही मारतं. खरं लॉन दाट सावलीत लावू नका, विरळ होऊन मरतं, मग "काकू तुमचं गवत खराब निघालं".

यजमानीण आतच

ही चूक बायकांना लगेच कळते, पुरुषांना समजावून सांगावी लागते. मागे पाहुणे हसताहेत आणि घरची बाई भजी, पाणी, चटणी, परत पाणी असं आत-बाहेर करतेय. पाहुण्यांनाही मग अवघडल्यासारखं होतं आणि एकेक करून सगळे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतात. मागच्या दाराशी कंबरेइतक्या उंचीचा एक ओटा बांधा. पैसे नसतील तर जुनं टेबल ठेवा. पाण्याचा पिंप, पेले, ताटल्या, वाढायचे डाव, कचऱ्याची बादली, सगळं पाहुणे यायच्या आधी एकदाच बाहेर. आणि हात धुवायला बाहेरच नळ. खरकट्या हातानं तुमच्या बेडरूमसमोरून बेसिन शोधत जायला कुणालाच आवडत नाही.

धुण्याची दोरी त्या दिवशी सोडून ठेवा. अंधारात ती उंच माणसाच्या बरोबर गळ्याशी येते.

राहता राहिले आदल्या दिवशी येणारे. "उद्या माणसं यायचीत, फुललेल्या वीस कुंड्या द्या." देते, माझा धंदाच आहे. पण उन्हातून घरी नेऊन सावलीत कोंबलेल्या कुंड्या आठवड्यात माना टाकतात, आणि थंडीतली पिटुनिया जूनमध्ये मागितलीत तर मिळणार नाही. सदाफुली न्या, ती कधीही फुलते.