अमेरिकन कथा वाचून आणि त्यांवर चर्चा करून इंग्रजी कसे शिकावे

व्याकरणाचे नियम पाठ आहेत, शब्दही पुष्कळ ठाऊक आहेत, पण बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही, अशी अडचण इंग्रजी शिकणाऱ्या अनेकांना येते. तिच्यावर गाजलेल्या जुन्या अमेरिकन कथा हा चांगला उपाय आहे. त्यांतल्या अनेक कथा एका बैठकीत वाचून होतात आणि त्यांच्या शेवटाबद्दल दोन वाचकांचे सहसा एकमत होत नाही. मतभेद असला की माणूस बोलू लागतो, आणि बोलण्यासाठी लागणारे शब्द त्याने नुकतेच वाचलेले असतात.

सुरुवातीला केट शोपॅन यांची 1894 साली प्रसिद्ध झालेली ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ घ्यावी. ती जेमतेम हजार शब्दांची आहे. ओ. हेन्रींची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ नवशिक्यांना नेहमी सुचवली जाते, परंतु तिचे कथानक सोपे असले तरी भाषा बरीच नटवी आहे, म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेली बरी. या जुन्या कथा प्रताधिकारमुक्त असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत वाचता येतात आणि स्वयंसेवकांनी केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण लिब्रिव्हॉक्सवर ऐकता येते.

पहिले वाचन शब्दकोश न उघडता शेवटपर्यंत करावे आणि काय घडले ते दोन-तीन वाक्यांत इंग्रजीत लिहून ठेवावे. दुसऱ्या वाचनात ध्वनिमुद्रण लावून ओळींवरून नजर फिरवावी. अर्थ शोधायचे ते फक्त अशा शब्दांचे, जे पुन्हा पुन्हा येतात किंवा ज्यांच्यावाचून प्रसंगच कळत नाही. प्रत्येक अनोळखी शब्दावर थांबणारा वाचक चौथ्या परिच्छेदातच कंटाळतो. तिसरे वाचन चर्चेच्या तयारीचे असते, तेव्हा हातात पेन्सिल असावी.

चर्चेचा प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारा नसावा. शोपॅन यांच्या कथेत हृदयविकार असलेल्या लुईस मॅलर्डला, रेल्वे अपघातात पती दगावल्याची बातमी जपून सांगितली जाते. ती रडते, खोलीचे दार लावून घेते, आणि खिडकीशी बसल्यावर आपण आता स्वतंत्र आहोत ही जाणीव तिला हळूहळू व्यापते. शेवटी पती धडधाकट घरी येतो आणि ती मरण पावते. आनंदाचा धक्का सहन न झाल्याने ती गेली, असे डॉक्टर सांगतात. डॉक्टरांचे निदान बरोबर आहे का, एवढा एकच प्रश्न गटाला तासभर पुरतो. इथे एक नियम कटाक्षाने पाळावा: मत मांडणाऱ्याने आधाराचे वाक्य कथेतून वाचून दाखवावे. तिचे पतीवर कधी कधी प्रेम होते, बऱ्याचदा नव्हते, असे लेखिकेने स्पष्ट म्हटले आहे. ते वाक्य कोणी वाचले की वाद रंगतो. अशा वादात ‘मस्ट हॅव’, ‘माइट हॅव’, ‘कुड हॅव’ या अंदाज बांधणाऱ्या रचना आपोआप लागतात, आणि व्याकरणाच्या पुस्तकात नीरस वाटलेल्या त्याच रचना इथे तोंडात बसतात.

ओ. हेन्रींच्या कथेत तर हिशेबावरही बोलता येते. पती जिमला नाताळची भेट घेऊ पाहणाऱ्या डेलाजवळ 1 डॉलर 87 सेंट आहेत, केस विकून तिला 20 डॉलर मिळतात, जिमच्या घड्याळाची साखळी 21 डॉलरची, म्हणून ती 87 सेंट घेऊन घरी परतते, हे जुळते. मात्र मूळच्या रकमेपैकी 60 सेंट पेनींमध्ये होते असे लेखक सांगतो. पेनी म्हणजे एक सेंट. मग उरलेले 1 डॉलर 27 सेंट पाच, दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांत बसतील कसे? अमेरिकेत पूर्वी दोन आणि तीन सेंटची नाणीही होती, हे ठाऊक असलेला सभासद इथे भाव खाऊन जातो. ज्यांना भावनांविषयी परक्या भाषेत बोलणे अवघड जाते, ते अशा प्रश्नावर निःसंकोच बोलतात.

गट चार-पाच जणांचा पुरे. बोलणाऱ्याला मध्येच अडवून चुका सुधारू नयेत. एकाने त्या टिपून ठेवाव्यात आणि शेवटची दहा मिनिटे त्यांच्यासाठी द्यावीत. शब्द अडला तर मातृभाषेतला वापरून वाक्य पूर्ण करायला हरकत नाही, नाहीतर लाजाळू सभासद गप्पच राहतात.

चर्चेनंतर दीडशे शब्द लिहावेत, पण सारांश लिहू नये. उदाहरणार्थ, ओ. हेन्रींच्या कथेत डेलाला भेट घेण्यासाठी जिमने घड्याळ विकले तो प्रसंग दाखवलेलाच नाही. तो जिमच्या तोंडून सांगावा.

हे जमू लागले की जॅक लंडन यांची 1908 सालची ‘टू बिल्ड अ फायर’ घ्यावी. ती लांब आहे, पण थंडी, बर्फ, आग, काड्या, बोटे असे मोजके शब्द तिच्यात सतत परततात. शिवाय कडाक्याच्या थंडीत निघालेल्या तिच्यातल्या माणसाने काय करायला हवे होते, या प्रश्नावर ‘शुड हॅव’चा भरपूर सराव होतो. मार्क ट्वेन यांच्या बोलीभाषेतल्या कथा मात्र बऱ्याच पुढे ठेवाव्यात, कारण त्यांतले शब्द उच्चाराप्रमाणे मोडून लिहिलेले असल्यामुळे शब्दकोशात सापडत नाहीत.