डाईंग विभागातील रासायनिक गळती आणि आग : या चुका टाळा

सोलापुरातील टॉवेल-चादरींच्या डाईंग (रंगाई) विभागात कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट ही पावडर) आणि ॲसिड रोज हाताळावे लागत असल्यामुळे त्यांचा धाक ओसरतो आणि साठवणुकीची जागा केवळ सोय पाहून ठरवली जाते. सर्वांत गंभीर चूक हीच आहे. हायड्रोसला ओल लागली की तो आतून तापत जातो, त्यातून सल्फर डायऑक्साइड हा गुदमरवणारा वायू सुटतो आणि साठा पेटूही शकतो. त्यामुळे गळक्या पत्र्याखाली किंवा धुलाईच्या हौदाशेजारी त्याचा उघडा ड्रम कधीही ठेवू नये. ब्लीचिंगचे हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकाच कट्ट्यावर ठेवले आणि दोन्ही सांडून एकत्र आले, तर क्लोरीन वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यांत व तळघरात साचतो; म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उंच जागेकडे जावे, हे प्रत्येक कामगाराला आधीच ठाऊक असले पाहिजे.

सांडलेल्या पेरॉक्साइडवर लाकडाचा भुसा किंवा चिंध्या टाकण्याची सवय तर तातडीने मोडावी, कारण भुसा आणि चिंध्या पेट घेऊ शकतात. तेथे कोरडी वाळूच वापरावी.

सांडलेले रसायन पाण्याने गटारात लोटून दिल्याने फरशी स्वच्छ होते, परंतु संकट आवाराबाहेर जाते. तीव्र कॉस्टिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोहोचले, तर तेथील उपयुक्त जिवाणू मरतात. आग विझवताना वाहणारे पाणीही तितकेच दूषित असते. त्यासाठी साठ्याभोवती बांध आणि गटाराच्या तोंडाशी बंद करता येईल अशी झडप हवी, तसेच ती कोण बंद करणार हे प्रत्येक पाळीसाठी ठरलेले असावे.

18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत 8 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरही दारासमोर गठ्ठे रचणे किंवा रात्री बाहेरून कुलूप लावणे अक्षम्य आहे. आत माणसे राहत असतील, तर आगीतून बाहेर पडण्याची रात्रीची रंगीत तालीम दिवसाच्या तालमीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. येथील अनेक कामगार घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यामुळे सूचनाफलक केवळ मराठीत किंवा इंग्रजीत लावून भागत नाही.

101 किंवा 112 वर कळवताना पत्त्यासोबत रसायनाचे नाव आणि अंदाजे साठा सांगावा. त्यासाठी रसायने आणि साठ्याची यादी गोदामाबाहेर, प्रवेशद्वाराजवळ ठेवावी.